एक, गोचीड, उजेड

(जिवती येथे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'एका रसायनाचे नाव' असा छापला आहे. छापखान्यातल्या मुलानं मला दोनदा फोन करून विचारलं, "सर, नाव टाकायचं राहिलं का?" राहिलं नव्हतं. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी ते कधी ना कधी येऊन गेलेलं आहे. आपण त्याला 'मोनो' म्हणतो. पूर्ण नाव मोनोक्रोटोफॉस.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींची आणि माझी ओळख या नावावरूनच झाली. मी नुकताच घाटाखाली रसायनशास्त्र शिकवायला लागलो होतो. एका शनिवारी काही कामानं वर या डोंगरावर आलो, तेव्हा सकाळची शाळा सुटली होती. गुरुजी व्हरांड्यात बसले होते. समोरच्या टेबलावर एक बाटली, तोंडाला कागदाचा बोळा. शाळेच्या कंदिलासाठी रॉकेल आणायला एका पोराला पाठवलं होतं. घरात जी बाटली हाताला लागली, तिच्यात तो रॉकेल घेऊन आला. लेबल अर्धं सोललेलं होतं, पण नाव शाबूत होतं.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही केमिस्ट्रीचे ना? मग सांगा, मोनोक्रोटोफॉस म्हणजे काय?"

मी उत्साहानं सुरू झालो. सात कार्बन, चौदा हायड्रोजन, एक नायट्रोजन, पाच ऑक्सिजन, एक फॉस्फरस.

"सूत्र नाही विचारलं. अर्थ विचारला. माझ्या नावाला अर्थ आहे, तुमच्या नावाला आहे. याच्या नावाला नाही का?"

मला सांगता आलं नाही. दोन पदव्या खिशात होत्या, आणि ज्या नावाची बाटली या डोंगरावर घरोघरी आढ्याला टांगलेली असायची त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. आज गुरुजी नाहीत. उत्तर मात्र आता माझ्याकडं आहे, ते तुम्हाला देतो.

मोनो म्हणजे एक. पण एक काय? याला एक थोरला भाऊ आहे, डायक्रोटोफॉस. दोघांच्याही रेणूत नायट्रोजनचा एकेक अणू. थोरल्याच्या नायट्रोजनला मिथाइलचे दोन गट जुंपलेले, धाकट्याच्या एकच. म्हणून एक 'डाय', दुसरा 'मोनो'. दोन भावांपैकी एकाकडं बैलजोडी असावी आणि दुसऱ्याकडं एकच बैल, आणि गावानं त्यावरूनच दोघांची नावं पाडावीत, तसा हा प्रकार.

फॉस म्हणजे फॉस्फरस. हा शब्द ग्रीक. 'फॉस' म्हणजे उजेड, आणि पुढचा भाग 'वाहून आणणारा' अशा अर्थाचा. १६६९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गात हेनिंग ब्रँड नावाचा एक किमयागार सोनं मिळेल या आशेनं माणसाची लघवी आटवत बसला होता. सोनं मिळालं नाही. अंधारात आपोआप चकाकणारा एक पदार्थ मिळाला. उजेड आणणारा म्हणून त्याचं नाव फॉस्फरस पडलं.

आता मधला तुकडा, क्रोटो. यात खरी गंमत आहे. रेणूच्या मधल्या भागाची ठेवण क्रोटॉनिक आम्लासारखी आहे, म्हणून क्रोटो. आणि क्रोटॉनिक कशावरून? क्रोटॉन टिग्लियम या झाडावरून. हे झाड तुम्हाला परकं नाही. त्याचं बी म्हणजे आपला जमालगोटा. संस्कृतात जयपाल. वैद्यांच्या इच्छाभेदी रसात तो शुद्ध करून घालतात. लग्नाच्या पंगतीत कुणाची फजिती करायची असली, की जुन्या गोष्टींतले टवाळ त्याचाच आधार घेतात. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना वाटलं, की जमालगोट्याच्या तेलातून हे आम्ल निघतं. तसं नाव ठेवून मोकळे झाले. पुढं तपासलं तर तेलात ते नव्हतंच! पण तोवर बारसं होऊन गेलं होतं. पोरगं दुसऱ्याचं निघालं म्हणून नाव कोण बदलतो?

आणखी एक पायरी खाली उतरू. त्या झाडाला तरी 'क्रोटॉन' का म्हणतात? ग्रीक भाषेत क्रोटॉन म्हणजे गोचीड. बी दिसायला रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडीसारखं असतं म्हणून. एरंडीचं बीही तसंच दिसतं. तिचं लॅटिन नाव रिसिनस, त्याचाही अर्थ गोचीडच. म्हशीच्या कासेजवळच्या गोचिडी ज्यांनी बोटांनी उपटल्या आहेत त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

तर गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एक, गोचीड, उजेड.

हसू नका. एवढं उत्तर घेऊन गुरुजी गप्प बसले नसते. "बरं, मग याचा उपयोग काय?" असं त्यांनी लगेच विचारलं असतं. आज मी बोलायला उभा आहे तो त्या दुसऱ्या प्रश्नासाठी. औषधाचा उपयोग सगळ्यांना माहीत आहे, मला त्याच्या नावाच्या उपयोगाविषयी बोलायचं आहे.

आपल्या तालुक्यातली गावं आठवा. महाराजगुडा, नारायणगुडा, लेंडीगुडा, पळसगुडा. नावाच्या शेवटी 'गुडा' आलं, की न जाता कळतं, ही मूळची कोलाम-गोंडांची वस्ती. शेवटी 'तांडा' आलं की बंजारा. 'नगर' आलं की बहुतेक नंतर बसलेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जे लोक पोटासाठी या डोंगरावर चढले त्यांच्यापैकी कुणाचं तरी. माणूस नवखा असला तरी नावाचं शेपूट धरून त्याला अंदाज येतो, की कुठल्या दारात कुठली भाषा बोलावी.

रसायनांच्या नावांनाही अशी शेपटं आहेत. ती उगाच पडलेली नाहीत. कीटकनाशकांच्या सर्वसाधारण नावांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं एक मानकच आहे, क्रमांक १७५०. शेवटी 'फॉस' आलं तर सेंद्रिय फॉस्फरसचं कूळ: मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस. शेवटी 'थ्रीन' आलं तर दुसरं कूळ: सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन. हे शेवंतीच्या जातीतल्या एका फुलापासून निघणाऱ्या विषाची नक्कल करून बनवलेले. शेवटी 'प्रिड' आलं तर तिसरं: इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड. यांची नाळ तंबाखूतल्या निकोटिनशी. इंग्रजीत फॉसचं स्पेलिंग कुठं एका तऱ्हेनं, कुठं दुसऱ्या तऱ्हेनं करतात, आणि विद्यार्थी घोटाळतात. देवनागरीत सगळे फॉस सारखेच दिसतात. एवढ्या एका बाबतीत तरी आपली लिपी जास्त सोयीची.

शेपूट नसलेलेही आहेत. मॅलॅथिऑन, फोरेट, डायमेथोएट हे फॉसच्याच भावकीतले, पण नावात फॉस नाही. ठीक आहे, सगळ्या गुड्यांच्या नावात तरी गुडा कुठं असतं?

हे शेपूट ओळखायचं कशासाठी? फॉस कुळाचं विष शरीरात काय करतं ते समजलं, की कशासाठी ते कळेल. मज्जातंतू स्नायूला 'आवळ' म्हणून सांगतो तेव्हा ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन मधली फट ओलांडून जातं. निरोप पोचला, की एक विकर येऊन ते ताबडतोब झाडून टाकतं. विहिरीवरच्या मोटारीचं बटण दाबलं, पाणी भरलं, बटण बंद केलं, तसं. फॉस कुळातलं विष त्या झाडणाऱ्या विकरालाच धरून बसतं. बटण दाबलेलंच राहतं. मग तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, मांस फडफडतं, छातीत पाणी भरल्यासारखा श्वास घुरघुरतो. माणसाचं आणि मावा-तुडतुड्याचं हे यंत्र मुळात एकच असल्यामुळं विषाला दोघांत फरक करता येत नाही.

यावर उतारा ॲट्रोपिन. सोबतीला प्रॅलिडॉक्झिम, ते विकराला विषाच्या तावडीतून सोडवायला बघतं. ॲट्रोपिनच्या नावाचीही कुळकथा ऐका. ते ॲट्रोपा बेलाडोना या झुडपावरून आलं, आणि झुडपाचं नाव ॲट्रोपॉस या ग्रीक देवतेवरून. आयुष्याचा धागा कातणारी एक बहीण, मोजणारी दुसरी, आणि कात्रीनं कापणारी तिसरी. ॲट्रोपॉस ही तिसरी. आपली सटवाई कपाळावर लिहून निघून जाते, ग्रीकांची ही बाई शेवटपर्यंत कात्री घेऊन बसून असते. आपल्या बांधावरचा धोतरा याच झुडपाच्या नात्यातला, त्याच्यातही त्याच जातीचं द्रव्य. म्हणजे गंमत बघा, विषाला नाव जुलाबाच्या औषधाचं आणि उताऱ्याला नाव मरणाच्या देवतेचं.

पण ॲट्रोपिन चालतं ते फॉस असेल तर. थ्रीन असेल तर डॉक्टरांना वेगळ्या वाटेनं जावं लागतं, आणि ॲट्रोपिन जास्त झालं तर तेही विषच. म्हणून दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न येतो, "कोणतं घेतलं?" किंवा "कोणतं फवारत होता?" आणि आपलं उत्तर ठरलेलं असतं: "औषध."

या शब्दावर मला थोडं थांबायचं आहे. शहरातले लेखक-पत्रकार खेड्यात येतात, शेतकरी विषाला औषध म्हणतो हे ऐकून हळहळतात, आणि कंपन्यांनी अडाणी माणसाला कसं फसवलं यावर लेख लिहितात. मला हे तितकंसं पटत नाही. पऱ्हाटीला मावा लागला म्हणजे पऱ्हाटी आजारी पडली. आजाऱ्याला जे देतात ते औषध. शेतकरी हे पिकाच्या बाजूनं बोलतो, किड्याच्या बाजूनं नाही. यात अडाणीपणा कुठं आला? शिवाय हा काही एकट्या मराठीचा दोष नाही. घाट उतरून पलीकडं तेलंगणात गेलात तर तेलुगूत 'मंदू' म्हणजे औषध. 'पुरुगुल मंदू' म्हणजे किड्यांचं औषध, अर्थात कीटकनाशक. आणि दारूलाही मंदूच म्हणतात, बंदुकीच्या दारूलाही मंदूच. आपण हसायचं कारण नाही. 'दारू' हा फारसी शब्द मुळात औषध या अर्थाचा. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. तोच शब्द गुत्त्यावर गेला आणि तोच तोफखान्यात. राजुरा-जिवतीचा हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळं इथल्या तोंडात औषध, दवाई आणि मंदू हे तिन्ही शब्द एकाच वेळी नांदतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, तेव्हा दारूला आणखी किती टोपणनावं फुटली हे मी सांगायला नको.

माझी तक्रार वेगळी आहे. औषध हा शब्द फवारताना चालतो, गिऱ्हाइकाला चालतो, दुकानदाराला चालतो. दवाखान्याच्या दारात मात्र तो काही सांगत नाही. आणि तोच माणूस गेला तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'विषारी द्रव्य प्राशन केले' असं येतं. दुकानापासून पेपरापर्यंत एकाच द्रवाची दोन नावं, आणि ज्या घटकेला खऱ्या नावाची गरज असते त्या घटकेला दोन्ही निरुपयोगी.

कृषी केंद्रात काय होतं? तिथं तिसरं नाव चालतं, व्यापारी नाव. मोनोक्रोटोफॉस १९६५ साली बाजारात आलं तेव्हा सिबा कंपनी त्याला न्युवाक्रॉन म्हणे, शेल कंपनी ॲझोड्रिन. आपल्याकडं पुढं त्याची इतकी नावं झाली, की एका कपाटात एकाच द्रवाच्या चार-पाच बाटल्या शेजारी शेजारी उभ्या दिसायच्या, भावात दहा-वीस रुपयांचा फरक. शेतकरी म्हणतो, "त्याच्यानं फरक नाही पडला, दुसरं द्या." दुकानदार दुसरं देतो. दुसऱ्यात तेच असतं. बाटलीच्या अंगावर बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं, मोठ्या अक्षरात व्यापारी नाव असतं. कायद्यानं दोन्ही असायलाच हवीत. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यात घटकद्रव्याचं नाव, त्याचं प्रमाण, उताऱ्याची सूचना, सगळं लेबलवर मागितलं आहे. फक्त कुठलं अक्षर भिंगाशिवाय वाचता येतं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आपल्या तालुक्यात तर बाटलीची भाषाही ठरलेली नाही. तेलंगणाच्या सीमेवरच्या ज्या चौदा गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात तिथं एकेका माणसाकडं दोन मतदार ओळखपत्रं आणि दोन रेशनकार्डं आहेत, हे तुम्ही जाणता. त्या गावांत बाटलीही दोन्हीकडून येते. एकीवर मराठी, दुसरीवर तेलुगू. आत द्रव तोच.

एक जुनी आठवण. माझ्या लहानपणी गावाकडं कुणी जिवाचं बरंवाईट केलं, की लोक म्हणत, "एंड्रिन घेतलं." पुढं एंड्रिनवर बंदी आली. तरी बरीच वर्षं कुणी काहीही घेतलं तरी ते एंड्रिनच. नाव वस्तूच्या मागं उरलं. फार पुढं मला कळलं, की एंड्रिनच्या भावांपैकी ऑल्ड्रिनचं नाव कुर्ट आल्डर या जर्मन शास्त्रज्ञावरून आणि डील्ड्रिनचं ओट्टो डील्स यांच्यावरून ठेवलेलं आहे. दोघांनी मिळून एक सुंदर रासायनिक क्रिया शोधली, १९५० साली दोघांना नोबेल मिळालं. त्या क्रियेनं ही रसायनं बनतात, म्हणून कौतुकानं त्यांचीच नावं दिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या सुना ज्या शब्दाची धमकी देत तो दोन नोबेल विजेत्यांच्या घरातला. आल्डरसाहेबांना कुणी हे सांगितलं असेल असं वाटत नाही.

मोनोही आता एंड्रिनच्या वाटेवर आहे. भाजीपाल्यावर ते वापरायला पूर्वीच मनाई झाली होती. २०२३ साली केंद्र सरकारनं ३६ एसएल हे त्याचं नेहमीचं रूपच मागं घ्यायचा आदेश काढला, साठा संपवायला वर्षाची मुदत देऊन. मग संपलेल्या गोष्टीवर बोलतो कशाला, असं कुणी म्हणेल. एक तर नाव संपत नाही. दुसरं, कूळ संपलेलं नाही. बाकीचे फॉस कपाटात तसेच उभे आहेत.

आणि बाटली तर संपतच नाही. गुरुजींच्या टेबलावर रॉकेलची बाटली होती. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत, मुलांच्या दुपारच्या जेवणात असंच कुणीतरी भलत्या डब्यातलं काहीतरी तेल म्हणून ओतलं. तेवीस मुलं गेली. तपासणीत निघालं ते मोनोक्रोटोफॉस. ती बातमी वाचली त्या दिवशी मला व्हरांड्यातलं ते टेबल आणि कागदाचा बोळा आठवला, आणि जेवण गेलं नाही.

२०१७ चा पावसाळा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय घेऊन आला ते तुम्हाला माहीत आहे. कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारणारा माणूस पिकात पूर्ण बुडालेला, फवारा वरून अंगावर. यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात शेतकरी-शेतमजुरांची रीघ लागली. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्या वेळी पुढं आलेल्या नावांत मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस होतं, डायफेन्थियुरॉन होतं, इतरही होती. आणि खरी अडचण तिथं होती. माणसं दोन-तीन औषधं एका पंपात मिसळत होती. कंपन्यांनीही काही मिसळूनच विकायला काढली आहेत, प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रीन ४ टक्के, एकाच बाटलीत. गुडा आणि तांडा एका बाटलीत. अशा वेळी "कोणतं?" याचं उत्तर एका शब्दात कोण देणार?

लेबलवरच्या रंगाबद्दल सांगतो आणि शेवटाकडं येतो. तुम्ही त्या चिन्हाला त्रिकोण म्हणता. खरं तर तो टोकावर उभा केलेला चौकोन आहे. वरच्या अर्ध्यात खूण आणि सूचना, खालच्या अर्ध्यात रंग, म्हणून रंगाचा भाग त्रिकोणी दिसतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. मोनो लाल. हे मी वर्गात शिकवत होतो तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमचे बाबा लालच मागतात. लाल कडक असतं." मी त्याला रागावलो. संध्याकाळी घरी जाताना वाटलं, चूक काय बोलला तो? लाल दिवा म्हणजे थांब हे रस्त्यावरचं व्याकरण. ज्या गावात सिग्नल नाही तिथं लाल म्हणजे तिखट, लाल म्हणजे जोरदार. चित्र काढणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोक्यात एकच रंग, अर्थ मात्र उलटे.

लोकांची स्वतःचीही एक खूणगाठ आहे, ती कुठल्या पत्रकात नाही. ज्या बाटलीवर ईसी लिहिलेलं असतं ते पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. एसएल टाकलं तर पाणी पाण्यासारखंच राहतं. म्हणून इथं 'दूध होणारं' आणि 'दूध न होणारं' अशा दोन जाती मानतात. मोनो ३६ एसएल दूध न होणारं. पंपात टाकलं की दिसेनासं होतं. मला वाटतं, तांत्रिक नाव लक्षात न राहणाऱ्या माणसानं केलेलं हे वर्गीकरण वाईट नाही. त्यानं डोळ्यांवर भरवसा ठेवला. फक्त दुधावरून कूळ कळत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर महिना, पोळा होऊन गेलेला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, की त्याच्या वडिलांना काळीपिवळीत घालून घाट उतरवतोय, तुम्ही दवाखान्यात या. कोणता दवाखाना ते मी इथं सांगत नाही. मी पोचलो तेव्हा ते खाटेवर होते. अंगावर फवारणीचाच सदरा, मान-पाठ ओली. पंप गळत होता असं मागून कळलं. डॉक्टर तरुण, पोरगेलासा. त्यानं विचारलं, "कोणतं फवारत होते?"

सोबत आलेला त्यांचा भाऊ म्हणाला, "कपाशीचं औषध."

"हो, पण कोणतं?"

"दूध व्हणारं."

डॉक्टरनं टॉर्च घेऊन पापणी उचलली. बाहुली दिसतच नव्हती, मोहरीएवढा काळा ठिपका. त्यानं विचारणं सोडलं आणि सिस्टरला ॲट्रोपिन काढायला सांगितलं. बाटली आणायला मागं गेलेला विद्यार्थी तासाभरानं मोटारसायकलवरून ती घेऊन आला. लेबल तेलुगूत. इंग्रजीची एकच ओळ शिल्लक, तीही ओल्या हातांनी पुसलेली. पुढची अक्षरं गेली होती, शेवटचा फॉस राहिला होता. मी तो मोठ्यानं वाचला. डॉक्टर म्हणाला, "हे डोळ्यांनी आधीच सांगितलं होतं, सर. फॉस नसतं तर मात्र मला या बाटलीची वाट बघावी लागली असती."

माणूस वाचला. आठ-नऊ दिवस लागले. सोडायच्या दिवशी त्यांची बायको आली होती, बरोबर कापडी पिशवी. औषधांची चिठ्ठी घेतली, डॉक्टरला हात जोडले, आणि मग खिडकीतल्या बाटलीकडं बोट दाखवून मला म्हणाली, "सर, ती द्या की. अर्धी शिल्लक हाये."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "उधारीची हाये." त्यांचं वावर वनजमिनीवर. पट्टा नाही, म्हणून बँकेचं पीककर्ज नाही. बी, खत, औषध, सगळं कृषी केंद्राच्या वहीवर, आणि कापूस निघाला की हिशेब.

मी बाटली दिली. तिनं झाकण घट्ट आहे का ते पाहिलं, ती एका जुन्या पोलक्यात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी ठेवली, आणि तिच्यावर पोरांसाठी घेतलेले बिस्किटांचे दोन पुडे ठेवले.